अंगुस्ताना

जेसिंता सिस्टर आधी पिशवीवरचं नाव मोठ्यानं वाचतात,
मग माझ्या मनगटावरचं,
मग मलाच विचारतात, नाव सांगा.
रत्नप्रभा विलास ससाणे.
तिन्ही जुळली की लाल औषध नळीत उतरतं,
कोकम सरबताच्या रंगाचं.
मी कोकम सोडलं त्याला आता चार महिने होतील.

त्याच्या अर्धा तास आधी उलटीचं औषध.
म्हणजे उलटी न होण्याचं.
आपल्यात दोन्हीला एकच म्हणतात,
कोपऱ्यावरच्या चोरडियांकडचा नवा पोरगा एकदा विचारत होता,
काकू, काढायचीय का थांबवायचीय?

डब्याच्या झाकणावर शिंपीखडूनं लिहून ठेवलंय:
पांढऱ्या, पाच दिवस, खाऊन.
त्या पाच रात्री झोप येत नाही
आणि भूक अशी, की पहाटे तीनला ओट्यापाशी उभी राहून
शिळी भाकरी, लसणाची चटणी.
मग मशीनवर बसते.
सगळी दत्तवाडी झोपलेली,
जावळेबाईंच्या पुतणीचं लग्न आलंय,
सात ब्लाऊज, सातही अस्तराचे.
सहाव्या दिवशी गोळी बंद,
आणि बॉबिनमधला दोरा संपावा तशी मी.
पाय चालू, चाक चालू,
टाका नाही.

पोटात टोचायचं ते विलास आणतो
कर्वे रोडवरून, रिक्षाच्या सीटखाली, बर्फाच्या डब्यात.
तेवढ्या वेळात भाडं घेत नाही.
फ्रिजमध्ये ते अंड्यांच्या खणात ठेवतो.
त्यानं पांढऱ्या पेशी वाढतात, हाडं रात्रभर कण्हतात,
आणि विलास भिंतीकडे तोंड करून
जागा नसल्यासारखा पडून राहतो.

चौथं औषध पाण्यासारखं. एवढंसं.
दहा मिनिटांत संपतं, म्हणून मला त्याची भीती नव्हती.
हे मुळात सदाफुलीतलं, धाकटे डॉक्टर म्हणाले.
सदाफुली?
आमच्या मोरीच्या तोंडाशी, फुटक्या डब्यात,
जिला कधी कुणी तांब्याभर पाणी घातलं नाही ती?
चाळीत सांगितलं तर ओव्हाळकाका म्हणाले,
मग एवढा खर्च कशाला, चार पानं चावून खा,
माझी साखर बघ कशी ताब्यात आहे.
जेसिंता सिस्टर माझ्यावरच ओरडल्या.
विष आहे ते, बाई.
मोजून दिलं तर औषध.
तुम्ही टेप गळ्यात घालून फिरता,
तुम्हाला मी सांगायचं?

या शहरातल्या सायकली गेल्या म्हणतात.
माझ्या सहा आहेत. चार झाल्या.
तिसरीनंतर बोटांची टोकं गेली.
आधी शर्टाची बटणं, मग कुलपाची किल्ली,
मग रेशीम कुठलं आणि सुती कुठलं,
ते डोळ्यांनी बघून ठरवायची वेळ आली.
मामानं शिकवायला घेतलं तेव्हा
एक पितळी अंगुस्ताना दिला होता.
मी कधी घातला नाही.
सुई कुठं आहे ते बोटाला कळायला हवं, म्हणायचे.
एकोणतीस वर्षं.
आता दहाही बोटांना कुणी अंगुस्ताने चढवलेत,
आणि ते निघत नाहीत.

काल रात्री हूक लावत होते,
मोतिया रंगाचं अस्तर.
त्यावर लाल ठिपका दिसला, म्हटलं खडू असेल.
झटकला. पसरला.
मग बोट पाहिलं.
सुई आत, निम्मी,
आणि मला पत्ता नाही.

आपल्या रक्ताचा डाग आपल्याच थुंकीनं जातो,
हेही मामाचंच.
पण तोंडात फोड, जीभ वाळून चामडं,
थुंकी आणायची कुठून?
डोळे मिटून चिंच आठवली.
शाळेच्या भिंतीलगतची, हिरवी,
मीठ लावून खाल्लेली, दात आंबेपर्यंत.
बराच वेळ काही नाही.
मग जिभेखाली, अगदी थोडंसं.

दिव्याखाली धरून चोळलं.
गेला डाग.
बराचसा.